शेवटच्या हप्त्यानंतर : कर्जफेडीची तडजोड पूर्ण होण्यातील विलंब

कर्ज फेडणे आणि कर्जातून मोकळे होणे या दोन गोष्टी सर्वसामान्यपणे एकच समजल्या जातात. व्यवहारात मात्र त्यांच्यात काही दिवसांचे आणि कित्येकदा काही वर्षांचे अंतर पडते. पैसे भरल्याची पावती घरात असते. पण सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा तसाच असतो, घराचे खरेदीखत बँकेच्या तिजोरीतून बाहेर आलेले नसते, जामीनदाराच्या नावे नोटिसा निघतच असतात. खरीप तोंडावर आला असता शेतकरी नव्या पीक कर्जासाठी दुसऱ्या बँकेत जातो आणि जुना बोजा पाहून त्याला परत पाठविले जाते. तो हंगाम मग खाजगी सावकाराच्या पैशावर उभा राहतो. म्हणजे एक कर्ज फेडल्याचा कागद वेळेवर न मिळाल्यामुळे दुसरे, अधिक महाग कर्ज अंगावर येते. या विलंबाची कारणे कोणती, त्याची जबाबदारी कोणाची आणि गावपातळीवरील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य त्यात कोठे उपयोगी पडू शकतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कागदाचे महत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. त्या उठावात जमावाचा रोख मुख्यतः खतपत्रे व कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळण्यावर होता. पैसे दिले तरी ते कोठे मांडले गेले हे कुणब्याला कळत नसे आणि फिटलेल्या कर्जाचाही रोखा सावकाराच्या पेटीत जिवंत राहत असे. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा जो कायदा झाला, त्यात न्यायालयाला कर्जाचे हप्ते पाडून देण्याचा अधिकार मिळाला. त्याचबरोबर भरलेल्या रकमेची लेखी पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्याला देण्यात आला. हप्ता आणि पावती यांची सांगड त्या वेळीच घातली गेली होती, ही बाब आजही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तडजोडीचे पत्र आणि त्यातील तारीख

थकलेल्या कर्जाबाबत धनको व ऋणको यांनी आपसात ठरवून काही रक्कम कमी करणे, उरलेली एकरकमी किंवा हप्त्यांनी घेणे आणि खाते मिटविणे, यास आपण तडजोड म्हणतो. बँकांच्या भाषेत ती 'एकरकमी परतफेड योजना' असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ अन्वये धनकोला येणे असलेल्या रकमेपेक्षा कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारता येते, अथवा मुदत वाढवून देता येते. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी अशा तडजोडींसाठी एक चौकट घालून दिली आणि प्रत्येक बँकेने संचालक मंडळाच्या मान्यतेने आपले धोरण ठरवावे, असे सांगितले.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. काही देशांत व्यक्तीच्या कर्जफेडीची योजना कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पार पडते. आपल्याकडे २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींच्या परतफेड योजनेची तरतूद आहे. परंतु तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता अमलात आणण्यात आला. सामान्य शेतकरी, शिक्षक वा दुकानदार यांची तडजोड हा बँकेशी झालेला साधा करारच असतो. तो मुदतीत पूर्ण होतो की नाही हे पाहणारा तिसरा कोणी नसतो. म्हणूनच बँकेने दिलेले तडजोडीचे पत्र हाच सर्व हक्कांचा आधार ठरतो.

त्या पत्रातील तारीख ही लवचिक गोष्ट आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. सर्वोच्च न्यायालयाने बिजनौर येथील एका नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये असे स्पष्ट केले की, एकरकमी तडजोडीचा लाभ कर्जदाराला हक्क म्हणून मागता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, मंजूर तडजोडीची मुदत बँकेच्या संमतीवाचून वाढवून देणे म्हणजे करार नव्याने लिहिणे होय आणि उच्च न्यायालयाला आपल्या रिट अधिकारात तसे करता येणार नाही. तेव्हा मुदत टळल्यावर दाद मागू, या भरवशावर राहणे घातक आहे.

शासनाच्या योजनांत मात्र मुदती वाढलेल्या दिसतात. केंद्र शासनाच्या २००८ च्या कर्जमाफी व कर्जसवलत योजनेत दोन हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्या शेतकऱ्यांनी देय रकमेचा ७५ टक्के भाग भरल्यास उरलेल्या २५ टक्क्यांची सूट होती. त्यासाठी ३० जून २००९ ही अंतिम तारीख ठेवली होती. पाऊस लांबल्यामुळे ती प्रथम ३१ डिसेंबर २००९ आणि नंतर ३० जून २०१० पर्यंत वाढविण्यात आली. या मुदतवाढी धोरण म्हणून सर्वांसाठी दिल्या गेल्या होत्या. गावात त्यांची आठवण अद्याप ताजी आहे आणि 'तारीख वाढेलच' ही वृत्ती तिच्यातूनच आली असावी. एखाद्या बँकेने एका कर्जदाराशी केलेल्या तडजोडीला हा अनुभव लागू पडत नाही.

थोडक्यासाठी मोडणारी तडजोड

मोठ्या रकमेअभावी तडजोडी मोडतात हे खरे. पण थोडक्यासाठी मोडणाऱ्या तडजोडीही कमी नाहीत. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कर्जदाराकडे ४,२०,००० रुपये येणे आहे. बँक ३,००,००० रुपयांवर खाते मिटविण्यास तयार होते. ३०,००० रुपये अर्जासोबत आणि २,७०,००० रुपये ९० दिवसांत, असे पत्र मिळते. कर्जदार जागेचा एक तुकडा विकतो, खरेदीदाराकडून धनादेश घेतो आणि ८८ व्या दिवशी तो बँकेत भरतो. मध्ये रविवार येतो, धनादेश ९१ व्या दिवशी वटतो आणि संगणकाच्या हिशेबी तडजोड रद्द झालेली असते. किंवा असे घडते की रक्कम वेळेत जमा होते, पण कर्जखात्याऐवजी बचत खात्यात. किंवा पत्रातील एका ओळीप्रमाणे उरलेल्या रकमेवर भरणा होईपर्यंतचे साधे व्याज द्यावयाचे असते. ते १,१४० रुपये कोणी सांगितलेले नसतात आणि कर्जदारानेही विचारलेले नसतात. खाते १,१४० रुपयांच्या बाकीसह उघडे राहते व बेबाकी दाखला अडतो.

या सर्व अडचणींवरील उपाय साधे आहेत. पत्र हाती पडताच त्यातील चार गोष्टी वाचून घ्याव्यात : एकूण रक्कम, प्रत्येक हप्त्याची तारीख, विलंब झाल्यास व्याज किती, आणि हप्ता चुकल्यास तडजोड आपोआप रद्द होते की नोटीस मिळते. शेवटचा भरणा करण्यापूर्वी आठवडाभर आधी 'अमुक तारखेस खाते पूर्ण मिटविण्यासाठी किती रक्कम लागेल' हे शाखेकडून लेखी मागून घ्यावे. भरणा चिठ्ठीवर कर्जखात्याचा क्रमांक आणि 'तडजोडीपोटी अंतिम रक्कम' असे शब्द लिहावेत. हे शब्द केवळ उपचारापुरते नसतात. करार कायद्याच्या कलम ५९ व ६० प्रमाणे एकाहून अधिक कर्जे असलेल्या ऋणकोने रक्कम कोणत्या कर्जापोटी दिली हे सांगितल्यास व धनकोने ती स्वीकारल्यास तिचा जमाखर्च त्याच कर्जात करावा लागतो. ऋणकोने काहीच न सांगितल्यास ती कोठे वळवावयाची हे धनको ठरवू शकतो. पीक कर्ज, मध्यम मुदतीचे कर्ज आणि ठिबक संचासाठी घेतलेले कर्ज अशी तीन खाती एकाच शाखेत असलेल्या शेतकऱ्याला या नियमाची किंमत चांगलीच कळते.

विलंब आपल्या बाजूने होणार असे दिसू लागल्यास मुदत संपण्याची वाट पाहू नये. जमिनीची विक्री लांबली, ऊस कारखान्याकडून पैसे आले नाहीत, घरात आजारपण आले, यांपैकी जे कारण असेल ते पुराव्यानिशी लिहून, जमेल तेवढी रक्कम भरून आणि नवी निश्चित तारीख सुचवून मुदतीच्या आतच अर्ज द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेची पोच घ्यावी. व्यवस्थापकाने तोंडी 'होईल, काळजी करू नका' असे म्हटले तरी ती मुदतवाढ नव्हे. पुढील महिन्यात त्यांची बदली झाली की त्या शब्दाला साक्षीदार उरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार तडजोडीची रक्कम तीन महिन्यांहून अधिक काळात घ्यावयाची असल्यास त्या व्यवहाराला कर्जाच्या पुनर्रचनेचे नियम लागू होतात. शाखा पातळीवर लांब मुदत देण्यास अधिकारी का कचरतात, याचे एक कारण यात आहे. अर्जदाराने हे जाणून तीन महिन्यांच्या आतील तारीख सुचविणे शहाणपणाचे ठरते.

पैसे पोहोचल्यानंतरचा विलंब

ऋणकोने आपली बाजू पुरी केली, तरी खरी परीक्षा पुढेच असते. घर, शिक्षण, घरगुती वस्तू अशा वैयक्तिक कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी जो नियम केला, तो प्रत्येक पंचायत सदस्याला ठाऊक असावयास हवा. कर्जाची पूर्ण फेड किंवा तडजोड झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत द्यावयाचे आणि कोणत्याही नोंदवहीत नोंदविलेला बोजा उतरवावयाचा, असे त्यात सांगितले आहे. बँकेच्या कारणाने याहून उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. दस्तऐवज गहाळ किंवा खराब झाल्यास त्यांच्या प्रमाणित प्रती मिळविण्यास मदत करून खर्च बँकेने सोसावयाचा असतो व त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. एकट्या कर्जदाराचा मृत्यू झाल्यास वारसांना कागद कसे परत मिळतील याची कार्यपद्धती बँकेने आधीच ठरवून जाहीर करावयाची असते. १ डिसेंबर २०२३ पासून देय झालेल्या प्रकरणांना हा नियम लागू झाला. नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका व गृहवित्त कंपन्याही त्याच्या कक्षेत घेण्यात आल्या.

या नियमाची मर्यादाही सांगावयास हवी. तो 'वैयक्तिक कर्जां'साठी केलेला आहे. पीक कर्ज त्या व्याख्येत बसत नाही. गावातील प्राथमिक कृषी पतसंस्था आणि बिगरशेती पतसंस्था या रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नाहीत. त्यांच्या बाबतीत तक्रार तालुक्याच्या सहायक किंवा उपनिबंधकांकडे जाते. दिवसाला ५,००० रुपयांची अपेक्षा ठेवून विविध कार्यकारी सोसायटीच्या सचिवाशी वाद घालणाऱ्याला कोणी हे आधी समजावून सांगितल्यास दोघांचाही वेळ वाचेल.

पतसंस्थेने वा सहकारी बँकेने कलम १०१ खालील वसुली दाखला मिळविलेला असेल, तर तडजोडीनंतर वसुली अधिकाऱ्याकडून जप्ती उठविल्याचा आदेश स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. खाते बंद झाले म्हणून जप्ती आपोआप उठत नाही. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलीच्या कर्जात नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयातील नोंद कमी करावी लागते. कर्जविषयक माहिती ठेवणाऱ्या संस्थांकडील नोंदही पाहून घ्यावी. तडजोडीने मिटलेल्या खात्यापुढे 'तडजोडीने मिटविले' असा शेरा राहतो, तो नियमाला धरूनच असतो. परंतु खाते अद्याप थकबाकीत दाखविले जात असेल तर ती चूक आहे. त्याबाबत तक्रार केल्यास ३० दिवसांत ती निकालात काढावी लागते. तसे न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून अमलात आला.

बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क पडत नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र बँकेकडे आधी तक्रार केल्याची पोच हवीच.

सातबारावरील बोजा

ग्रामीण भागात सर्वांत अधिक काळ रेंगाळणारी बाब म्हणजे सातबारावरील बोजा. येथे दोन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवितात. बँक म्हणते, आम्ही दाखला दिला, पुढचे तलाठ्याचे काम. तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, म्हणतात, बँकेचे पत्र आमच्याकडे आलेच नाही. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, कारण पत्र शेतकऱ्याच्या पिशवीत असते.

बोजा कमी होण्याचा क्रम असा आहे. बँक किंवा सोसायटी कर्ज फिटल्याचे पत्र देते. त्या आधारे गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंदविला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस निघते व आक्षेपासाठी १५ दिवस दिले जातात. आक्षेप नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबाऱ्यातून बोजा निघतो. 'ई-हक्क' प्रणालीमुळे बोजा कमी करण्याचा अर्ज ऑनलाईन करण्याची सोय झालेली आहे आणि तो बँकेलाही करता येतो. असे असूनही कित्येक शाखा कर्ज देताना बोजा चढविण्याची जी तत्परता दाखवितात, ती तो उतरविताना दाखवीत नाहीत, हे नमूद करणे भाग आहे.

पत्रातील तपशिलाच्या चुकांमुळेही महिने जातात. गट क्रमांक चुकलेला असतो. दोन गटांवर बोजा असताना पत्रात एकाचाच उल्लेख असतो. मूळ बोजाच्या फेरफाराचा क्रमांक लिहिलेला नसतो. सामाईक खातेदारांपैकी एकाचेच नाव येते. म्हणून बँकेचे पत्र घेतानाच ते ताज्या सातबाऱ्याशी ताडून पाहावे. शिक्षकांना हे काम सहज करता येण्यासारखे आहे, आणि अनेक गावांत ते करतातही. चावडी वाचनाच्या वेळी केवळ वारस नोंदीच नव्हे तर इतर हक्कांतील बोजेही वाचून दाखविले आणि 'हे कर्ज फिटले आहे काय' असे खातेदाराला विचारले, तर जुन्या नोंदी उघड होतील. पंचायत सदस्यांनी याचा आग्रह धरावा. सरकारी योजनेने मिटलेल्या कर्जांनाही हे लागू आहे. २००८ च्या योजनेची तपासणी करून भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये जो अहवाल दिला, त्यात अनेक प्रकरणांत शेतकऱ्यांना कर्जमाफीचे दाखले दिल्याचा पुरावा आढळला नसल्याचे म्हटले होते. ज्याला दाखलाच मिळाला नाही, त्याने बोजा कशाच्या आधारे उतरवावा?

पगारातून कपात आणि सावकाराचे देणे

पगारदारांच्या सहकारी पतसंस्थेचे हप्ते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे पगारातून कापले जातात. कपात झाली, पण रक्कम संस्थेकडे वेळेवर पोहोचली नाही, तर व्याज सभासदाच्या खात्यावर चढते आणि जामीनदार सहकाऱ्यांची अडचण होते. कापलेली रक्कम न भरणाऱ्या नियोक्त्याकडून ती वसूल करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. आहरण व संवितरण अधिकाऱ्यांनी हे विसरू नये. सभासदाने दरमहाची पगारपावती जपून ठेवावी. कपातीचा तोच पुरावा असतो.

सावकाराकडील कर्जाच्या बाबतीत विलंबाचे स्वरूप निराळे असते. तेथे कित्येकदा सावकारच पैसे घेण्याचे टाळतो, कारण त्याचे लक्ष जमिनीवर असते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ८३ नुसार गहाणदाराला देय रक्कम न्यायालयात जमा करता येते आणि नियमाप्रमाणे जमा केल्यानंतर व्याज थांबते. हा जुना उपाय फारच थोड्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे सावकाराला मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही; दामदुपटीचा जुना नियमच तेथे कायद्यात आला आहे. सावकारीच्या व्यवहारात बेकायदेशीररीत्या बळकावलेली स्थावर मालमत्ता परत मिळण्यासाठी जिल्हा निबंधकांकडे अर्ज करण्याचीही त्यात तरतूद आहे. तो अर्ज पंधरा वर्षांच्या आतील व्यवहारांबाबत करता येतो.

शेवटी एका विशेष अडचणीचा उल्लेख करावयास हवा. कर्ज देणारी संस्थाच बंद पडली, तर दाखला कोणी द्यावयाचा? राज्यातील भूविकास बँका अवसायनात निघाल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या कर्जदारांची सुमारे ९६४ कोटी रुपयांची कर्जे माफ करण्याचा निर्णय घेतला. विहीर, पाईपलाईन, पंप यांसाठी वडिलांनी घेतलेल्या त्या कर्जांचे बोजे मुलांच्या व नातवांच्या सातबाऱ्यांवर अनेक वर्षे होते. अशा खातेदाराने अवसायकाकडून, तो उपलब्ध नसल्यास जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयातून, कर्ज शिल्लक नसल्याचे पत्र घ्यावे आणि वारस नोंद प्रलंबित असल्यास ती आधी करून घ्यावी. मयत खातेदाराच्या नावावर असलेल्या बोजाची नोंद कमी होऊ शकते. पण नव्या कर्जासाठी सातबारा जिवंत खातेदाराच्या नावे लागतो, आणि हे दोन्ही फेरफार एकाच फेरीत मार्गी लागल्यास पेरणीपूर्वी बँकेत जाता येते.